एकतीस सालातला संसार

कनीजचा जन्म साठ सालचा, निकाह एक्याऐंशीचा; पण संसार तिने केला तो एकोणीसशे एकतीस सालात. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल. कनीजला मात्र ती थट्टा चाळीस वर्षं निस्तरावी लागली. त्या सालचे भाव, त्या सालच्या बातम्या, त्या सालची करमणूक, सगळं तिच्या बहरीनमधल्या घरात जसंच्या तसं नांदत होतं, आणि ते आणलं होतं तिच्या नवऱ्याने, जमालुद्दीनने, आपल्या दादीकडून. कुणाला दादीकडून पाटल्या मिळतात, कुणाला कलमांची बाग. जमालुद्दीनला मंदी मिळाली.

ही दादी म्हणजे नूरबानो. दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावातली. एकोणतीस साली, जेमतेम सतरा वर्षांची असताना, ती आगबोटीत बसून नवऱ्यामागे बहरीनला आली. नवरा तिथल्या मनामा शहरातल्या एका मोत्यांच्या पेढीवर कारकून होता. पहिलं वर्ष बरं गेलं. मग मोत्याचा भाव असा कोसळला की पेढीवरची माणसं मोती तोलायचे तराजू पुसून कपाटात ठेवायला लागली. मुंबईहून टपालाची बोट यायची, तिच्यातून शिळी वर्तमानपत्रं यायची, आणि दादीचा नवरा संध्याकाळी गल्लीत बसून ती मोठ्याने वाचायचा. अमेरिकेत बँका बुडाल्या. पॅरिसमध्ये मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. जपानात शिंपल्यात मोती पेरतात म्हणे. ऐकणाऱ्यांत समुद्राच्या तळाशी जाऊन मोती काढणारे पाणबुडे असत. कुठल्याशा परमुलखातल्या बाईने गळ्यात माळ घालायचं सोडलं, तर आपल्या चुलीवरचा भात का कमी व्हावा, हे त्यांना उमगत नसे. दादीलाही ते शेवटपर्यंत उमगलं नाही.

"तांदूळ सवंग झाला होता गो," ती कनीजला सांगायची. "रंगूनचा चांगला तांदूळ, कधी नव्हता एवढा सवंग. पण सवंगाई बघायलापण हातात रुपया लागतो."

पेढी बंद पडली तेव्हा या कुटुंबाला तारलं ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्याने. दादी रोज भाताचा तांदूळ मापून घ्यायची आणि त्यातला मूठभर परत काढून त्या डब्यात टाकायची. पगार थांबला तेव्हा हा डबा उघडला, आणि त्या तांदळावर घर जगलं. करमणुकीचंही तिने असंच भागवलं. गल्लीच्या तोंडाशी एक कहवाखाना होता आणि तिथे ग्रामोफोन होता. आत बसायचे ते पुरुष, आणि तेही खिशात आणे असलेले. दादी आपल्या गच्चीवर पाय सोडून बसायची आणि वाऱ्यावर जेवढं गाणं येईल तेवढं ऐकायची. बाहेरून ऐकायला पैसे पडत नाहीत, हे या घराण्याचं ब्रीदवाक्य त्या गच्चीवर जन्माला आलं.

गोष्टीला आणखी एक शेवट होता. तेहतीस साली गावी परतायचं ठरलं, तेव्हा डब्यात अजून थोडा तांदूळ होता. दादीच्या नवऱ्याने तो शेजारणीला विकला आणि आलेल्या पैशांत एका संध्याकाळपुरता ग्रामोफोन भाड्याने घरी आणला. दादीने त्याच्या इतक्या जवळ बसून गाणी ऐकली की तबकडीचा वारा गालाला लागत होता. जमालुद्दीन आल्यागेल्याला ही सगळी गोष्ट रंगवून सांगायचा. एवढा शेवट तेवढा गाळायचा. मुद्दाम नव्हे, त्याला तो महत्त्वाचा वाटला नाही, इतकंच.

लग्नानंतर कनीज दोन वर्षं सासरी दादीजवळ राहिली. जमालुद्दीन तेव्हा बहरीनमध्ये मीना सलमान बंदराजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. त्र्याऐंशी साली व्हिसा आला. निघायच्या दिवशी दादीने तिला माजघरात बोलावलं आणि तिच्या हातात तसलाच एक पत्र्याचा डबा दिला.

"पोरी, जमालला मी डबा भरायला शिकवला," दादी म्हणाली. "उघडायला शिकवायचा राहिला. तेवढा तू शिकव."

कनीजने हो म्हटलं. त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो.

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आपण ऐकलेलं असतं. इथे दूध प्यायली होती आजी आणि ताक फुंकत होता नातू. जमालुद्दीनच्या मनामातल्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागत, आणि तो त्यांत फक्त मंदी शोधायचा. तेलाचा भाव जरा उतरला की दुसऱ्या दिवशी पलंगाखाली तांदळाची एक पिशवी वाढायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण याचं अंथरूण वर्षागणिक वाढत गेलं तरी पाय आपले पोटाशीच. कनीजने काही मागितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"घेऊ, घेऊ. पण मंदी काय सांगून येते?"

माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मासळी बाजारातून आणलेल्या सुरमईचा मधला तुकडा नेहमी तिच्या ताटात जायचा, आणि डोकं तो स्वतः चघळत बसायचा. कंजूष माणूस आधी दुसऱ्याला उपाशी ठेवतो. जमालुद्दीनने आधी स्वतःला ठेवलं, म्हणून कनीजला त्याच्याशी धड भांडताही आलं नाही.

आणि गुरुवारची संध्याकाळ तो चुकवायचा नाही. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असे. मनामात एक हिंदी सिनेमाचं थेटर होतं, त्याच्या मागच्या गल्लीत एक बंद दुकान होतं, आणि त्या दुकानाला दोन पायऱ्या होत्या. थेटरचं मागचं लोखंडी दार नीट लागत नसे. जमालुद्दीन थर्मासमध्ये चहा घ्यायचा, कनीज भाजलेले दाणे घ्यायची, आणि दोघं त्या पायऱ्यांवर बसून सिनेमा ऐकायची. अख्खा सिनेमा, गाण्यांसकट, मारामारीसकट. घरी जाताना वाद रंगायचे.

"बाप मेला शेवटी."

"मेला कसा? मग दार कोणी उघडलं?"

"ती आई होती हो. बांगड्या वाजल्या नाय?"

कनीजचा कान तयार झाला तो तिथे. पावलांवरून तिला हिरो कळायचा, हसण्यावरून व्हिलन. भिंतीकडे बघत ती सगळी माणसं मनात उभी करायची. पुढे पुष्कळ वर्षांनी जुना टीव्ही घरात आला आणि त्यातला एक ऐकलेला सिनेमा लागला, तेव्हा तिची फार निराशा झाली. तिच्या मनातला हिरो कितीतरी देखणा होता.

पण एकदा आत बसावं, ही इच्छा गेली नाही. टीव्हीचं तिला कौतुक नव्हतं. तिला हवा होता तो मोठा पडदा. आतून शिट्ट्या यायच्या, शेकडो माणसं एकदम हसायची, एकदम गप्प व्हायची, आणि बाहेर पायरीवर कनीजला कळायचं नाही की त्यांनी असं काय पाहिलं. आवाज नसलेल्या जागी सिनेमात काय होतं, हे तिला कधीच कळलं नाही. मुलगा, उबेद, पोटात होता तेव्हा तिने मागणं घातलं.

"ओ, एकदा आत बसू. डोहाळे समजा."

"पुढल्या महिन्यात बघू," जमालुद्दीन म्हणाला.

ते थेटर बंद होईपर्यंत पुढला महिना आला नाही.

नव्वद साली कुवेतवर संकट आलं, बहरीनमध्ये लोक दुकानांत गर्दी करू लागले, आणि पलंगाखालचा तांदूळ बाहेर निघाला. जमालुद्दीनने चार घरांत पिशव्या नेऊन दिल्या. त्या दिवशी त्याचा चेहरा ईदसारखा उजळला होता. "बघितलंस?" तो म्हणाला. कनीजने बघितलं, आणि इथेच तिचा घात झाला. नवऱ्याचं एकदा खरं ठरलेलं बायको जन्मभर विसरत नाही. मग ती स्वतःच भाव करू लागली, स्वतःच नको म्हणू लागली. साडेतीन दिनारचं सँडल बघून "कशाला हवं?" हे शब्द जमालुद्दीनच्या आधी तिच्याच तोंडून निघायचे. दादीला दिलेला शब्द तिला आठवायचा, पण डबा आता ती त्याच्याहून घट्ट लावत होती.

उबेद मोठा झाला, अस्करच्या अॅल्युमिनियम कारखान्यात लागला, निदाशी त्याचं लग्न झालं, रिफामध्ये त्याने मोठं घर घेतलं. आईबापांना तो बोलावत होता. जमालुद्दीन म्हणायचा, नोकरी संपली की येऊ. थेंबे थेंबे तळं साचलं होतं, पण त्यातलं पाणी प्यायचं कुणी, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

दोन हजार एकोणीस साली हिवाळ्यात कनीजच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायला लागले. साखरेचा आजार जुनाच होता. निदाने बळजबरीने खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांच्या आत पाहिलं आणि लेझर करावं लागेल, इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि लवकर, असं सांगितलं. भाव सांगितला तेव्हा कनीजने मनात त्याचे रुपये केले. गाडीत बसल्यावर जमालुद्दीनने स्टिअरिंगवर हात ठेवले. किल्ली त्याने फिरवलीच नाही. मग तो म्हणाला,

"करून टाकू, कनीज. पैसे हायत. पुढल्या आठवड्यात करून टाकू."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने डब्याच्या झाकणाला आपणहून हात लावला होता. कनीजने त्याच्याकडे वळून पाहिलं. आणि ती म्हणाली,

"एवढे पैसे हितं घालवायचे? एप्रिलमध्ये गावाला जातोच हाय. तिकिटं काढलेली हायत. रत्नागिरीत तिसऱ्या हिश्श्यात होईल."

इथली सगळी घरं असंच करतात. दात दुखला, गुडघा दुखला, मोतीबिंदू झाला, तर तो सुट्टीपर्यंत सांभाळायचा आणि गावी नेऊन दाखवायचा. अर्धं आखात आपली दुखणी बॅगेत भरून मुलखाला नेतं. तिने काही जगावेगळं सांगितलं नव्हतं.

"नक्की?" जमालुद्दीनने विचारलं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं तिने पाहिलं. त्याला सुटल्यासारखं वाटलं हे बघून तिलाही बरं वाटलं. तोपर्यंत तिला दिसत होतं.

मार्चमध्ये साथ आली आणि विमानं बंद झाली. एप्रिल आला आणि तिकिटं रद्द झाली. रेडिओवर मंदीच्या ज्या बातमीची जमालुद्दीन चाळीस वर्षं वाट बघत होता ती आली, दुकानांसमोर रांगा लागल्या, पलंगाखाली तांदूळ होता आणि त्याच पलंगावर कनीज बसली होती, डोळ्यांपुढे उतरत चाललेला लाल पडदा बघत. आधी जमालुद्दीनला ताप आला, मग तिला. घराबाहेर पडता येईपर्यंत डोळ्यांत रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं, तेही याच महागड्या बहरीनमध्ये, आणि उपयोग झाला नाही. उजेड आणि अंधार, एवढाच फरक तिला कळायला लागला.

त्यानंतर जमालुद्दीन बदलला. नोकरी सोडली, रिफाला मुलाकडे राहायला आला, आणि मंदी हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही. पैसा उधळायला लागला. कनीजसाठी बांगड्या आणल्या, भरजरी ओढण्या आणल्या, भिंतभर टीव्ही आणला. ती हात फिरवून म्हणायची, छान हाय. घरी कुणी आलं की तो आपणहून सांगत बसायचा.

"माझ्यामुळं गेले हिचे डोळे. मी दमडी सोडली नाय."

कनीज शेजारच्या खोलीतून ऐकायची. उठून जावं, आणि सांगावं की ते तयार होते, नको मी म्हटलं. असं तिला दर वेळी वाटायचं. ती उठायची नाही. तिला त्याचा राग होता. गाडीतल्या त्या एका दिवसाचा नव्हे, त्याच्या आधीच्या सगळ्या दिवसांचा. भोगू दे त्यालाही थोडं, असं मन म्हणायचं, आणि मग रात्रभर तेच मन तिला खायचं. तो बाजूला जागा असायचा. श्वासावरून तिला कळायचं.

आणि एक दिवस जेवताना तो म्हणाला, "उबेद, सिनेमाची दोन तिकिटं काढ. मॉलमधल्या थेटरची. मी आणि तुझी आई."

निदाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"अब्बा, आता कशाला?" उबेद हळूच म्हणाला.

"तिनं मागितलं होतं," जमालुद्दीन म्हणाला. "तू व्हायच्या आधी."

कनीज हसली. "आंधळीला सिनेमा दाखवताय? लोक काय म्हणतील?" पण आवाज तिचाच तिला परका वाटला. आपण विसरलो असं तिला वाटलं होतं. तो विसरला असेल याची तर तिला खात्रीच होती.

गुरुवारी संध्याकाळी निदाने तिला चांगली ओढणी पांघरवली, उबेदने गाडीने मॉलच्या दारात सोडलं. आत थंडगार. जमालुद्दीनने तिचा हात धरला होता आणि तो रस्ता सांगत होता: आता सरकता जिना, आता गालिचा, आता चढायचं. मध्ये थांबून त्याने मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा घेतला. कनीजने कान दिला. त्याने भाव विचारला नाही. दिले तेवढे दिले. चाळीस वर्षांत ज्या गोष्टीसाठी ती आसुसली होती ती तिच्या कानांसमोर घडली, आणि तिला रडायला आलं.

खुर्ची मऊ होती. तिने खुर्चीच्या हातांवर हात फिरवला. मग दिवे गेले. तेवढं तिला कळलं. आणि आवाज आला. तो समोरून आला, मागून आला, पायाखालून आला. पायरीवर बसून ऐकलेला आवाज कधीच असा नव्हता. तो दारातून, फटीतून, चोरून यायचा.

"पडदा केवढा हाय?" तिने विचारलं.

"मोठा हाय," जमालुद्दीन म्हणाला. "लय मोठा. आपल्या गावच्या घराच्या पुढच्या भिंतीपेक्षा मोठा."

"काय चाललंय?"

"समुद्र हाय. एक पोरगी चालतेय. लाल कपडे हायत."

"मग?"

तो सांगत राहिला. थोडं सांगायचा, थांबायचा. एका जागी अख्खं थेटर एकदम हसलं आणि एकदम गप्प झालं. ती तीच गप्प जागा होती, जिच्यासाठी ती तरुणपणी भिंतीकडे बघत बसायची. आता ती आत होती. तिने वाट पाहिली. जमालुद्दीन काही बोलला नाही.

तिने हात पुढे नेला, त्याचा गाल शोधला. गाल ओला होता.

"ओ," ती म्हणाली. त्या गर्दीत, त्या आवाजात, तिने शेवटी ते सांगून टाकलं. "तुमी तयार होता. नको मी म्हटलं होतं. गाडीत. लोकांना खोटं सांगत जाऊ नका."

"मना माहीत हाय."

"मग सगळ्यांना का सांगता, तुमच्यामुळं म्हणून?"

"तुना नको म्हणायला कुणी शिकवलं?" जमालुद्दीन म्हणाला. "माझ्या घरात आलीस तेव्हा तू सगळ्याला हो म्हणायचीस."

कनीजला दादीचं माजघर आठवलं, तो पत्र्याचा डबा, आणि तिने दिलेला हो. तिचा सगळा राग ज्या माणसावर होता तो तिच्या तळहाताखाली थरथरत होता, आणि त्याला एकट्याला हे ओझं वाहू देणं आता तिला शक्य नव्हतं. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला. पुढे कुठेतरी पडद्यावर बांगड्या वाजल्या, दार उघडलं.

"बघा ना," ती म्हणाली. "तुमीपण कधी आत बसला नव्हता. काय दिसतंय ते सांगा मना."

"काय नाय दिसत, कनीज," तो म्हणाला. "सगळं पाणी झालंय."

"मग राहू दे," ती म्हणाली. "दोघं ऐकू. आपल्याला सवय हाय."